माशांच्या खाद्यात संप्रेरक : अंडी वाढतील, पण नफा वाढेल का?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात एक फेरी मारली, की दोन प्रकारचा माल दिसतो. एका बाजूला गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल असे गोड्या पाण्यातले मासे. हा माल स्वस्त असतो आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतून शेकड्याने विकला जातो. दुसऱ्या बाजूला थोड्या टाक्यांमध्ये नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाउनफिश, निळे डॅमसेल, पिवळे टँग असे खाऱ्या पाण्यातले मासे. त्यांची किंमत ऐकली की नवखा गिऱ्हाईक दोन पावले मागे सरकतो.

हा फरक का? कारण साधे आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे माणसाने टाकीत आणि तलावात पैदास केलेले असतात. चेन्नईच्या कोळत्तूर भागात तर घरोघरी हा धंदा चालतो. समुद्री शोभिवंत मासे मात्र आजही बहुतांश समुद्रातून धरून आणले जातात. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाच्या प्रवाळ खडकांत ते पकडण्यासाठी सायनाईडसारखे विष फवारल्याची उदाहरणे जगजाहीर आहेत. असा मासा दुकानात येईपर्यंत अर्धमेला असतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी आठवड्यात मरतो. दुकानदाराची पत जाते, ती वेगळीच.

तेव्हा हे मासे घरच्या टाकीत तयार झाले तर समुद्र वाचेल, माल टिकाऊ मिळेल आणि कमी जागेत रोजगारही होईल. म्हणूनच जगभर या माशांच्या पैदाशीवर संशोधन चालू आहे. त्यातलीच एक वाट म्हणजे माशांच्या खाद्यात संप्रेरक, म्हणजे हार्मोन, मिसळून त्यांना लवकर आणि जास्त अंडी घालायला लावणे. हे ऐकून आपल्यातले काही तरुण फार उत्साहात आहेत. यंत्रमागाच्या मंदीत जोडधंदा शोधणाऱ्यांना कोणी तरी सांगतो, "हे पाकीट खाऊ घाला, जोडी महिन्यात अंडी देईल." असे पाकीट विकत घेण्यापूर्वी त्यात काय आहे आणि ते काय करू शकते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

संप्रेरक म्हणजे काय?

संप्रेरक म्हणजे शरीरात एका भागाने दुसऱ्या भागाला पाठवलेली चिठ्ठी. मोठ्या पेढीत मालक मुनीमजींना निरोप देतो, मुनीमजी कारखान्यात ऑर्डर पाठवतात आणि कारखाना माल काढतो. माशाच्या शरीरातही अशीच साखळी आहे. दिवस किती लांब, पाणी किती ऊबदार, पोटाला किती मिळते, शेजारी जोडीदार आहे की नाही, हे सारे मेंदू पाहतो. वेळ अनुकूल वाटली की मेंदू एक संप्रेरक सोडतो. त्यामुळे मेंदूखालची पियुषिका ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, जागी होते. ती आपले संप्रेरक रक्तात सोडते आणि ते अंडाशयाला किंवा वृषणाला कामाला लावते. मादीच्या अंडाशयातून निघालेले इस्ट्रोजेन यकृताला सांगते, की अंड्यासाठी पिवळा बलक तयार करून पाठव.

पुष्कळदा टाकीतल्या माशाचे अंडाशय भरते, पण मेंदूची शेवटची चिठ्ठी निघत नाही. कारण टाकी म्हणजे समुद्र नव्हे. तिथे भरती-ओहोटी नाही, ऋतू नाही, मोकळी जागा नाही. अशा वेळी ती चिठ्ठी बाहेरून देणे, हेच संप्रेरकाचे काम.

या विद्येत भारताचे नाव मोठे आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी डॉ. के. एच. अलीकुन्ही यांच्या साथीने कार्प माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. त्याआधी रोहू, मृगळ, कटला यांचे बीज पावसाळ्यात नदीतून गोळा करावे लागत असे. त्या दिवसाच्या आठवणीसाठी १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे ओव्हाप्रिम, ओव्हाटाइड अशी तयार इंजेक्शने बाजारात आली आणि मासळी बाजारात माशांची डोकी फोडून ग्रंथी गोळा करण्याची दगदग कमी झाली.

सुई नको, खाद्य का?

रोहूचे वजन किलोत असते. त्याला सुई टोचली तर तो सहन करतो. क्लाउनफिशची पूर्ण वाढलेली मादीदेखील हाताच्या बोटाएवढी. तिला जाळीत पकडायचे, पाण्याबाहेर काढायचे, सुई टोचायची आणि परत सोडायचे, एवढ्यात ती घाबरून आठवडाभर खात नाही. कधी मरतेही. शिवाय हे मासे हंगामात एकदा नव्हे, तर वर्षभर दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालणारे. दर वेळी सुई कशी टोचणार? म्हणून खाद्यातून संप्रेरक देण्याचा विचार पुढे आला.

हे शक्य आहे, याला आधारही आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी स्पॉटेड सीट्राउट या समुद्री माशाला मेंदूतल्या संप्रेरकासारखे बनवलेले द्रव्य खाद्यातून दिले आणि त्या माशांनी अंडी घातली. हा खाण्याचा मासा आहे, शोभेचा नव्हे. पण तोंडावाटे दिलेले संप्रेरकही काम करू शकते, हे त्यातून दिसले. तिलापिया माशाच्या पिल्लांना तर मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळलेले खाद्य देऊन सर्व पिल्ले नर करण्याची पद्धत अनेक देशांत सर्रास चालते. एक किलो खाद्यात सुमारे ६० मिलिग्रॅम, तेही तीन-चार आठवडेच. द्रव्य स्पिरिटमध्ये विरघळवून खाद्यावर फवारतात आणि स्पिरिट उडून गेले की ते खाद्य वापरतात.

मात्र या दोन उदाहरणांत एक फरक आहे. टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन ही स्टेरॉइड जातीची द्रव्ये पोटात टिकतात. मेंदूतली संप्रेरके प्रथिनांच्या जातीची असल्याने पोटातले पाचकरस त्यांचे तुकडे करतात. म्हणून सुईपेक्षा कितीतरी जास्त मात्रा द्यावी लागते आणि खर्च वाढतो. दुसरी अडचण टाकीतल्या दादागिरीची. क्लाउनफिशच्या घोळक्यात सर्वांत मोठी मादी मालकीण असते. खाद्य टाकले की ती आधी खाते, मग नर, उरलेसुरले बाकीच्यांना. म्हणजे औषध कोणाच्या पोटात किती गेले, याचा हिशेब लागत नाही. ज्या धंद्यात मापच कळत नाही, त्यात व्यापाऱ्याने सावध राहावे.

क्लाउनफिशचा संसार

आता ज्या माशाची सर्वांत जास्त मागणी आहे, त्याच्याकडे पाहू. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट आला आणि क्लाउनफिश घराघरांत पोहोचला. या माशाची एक गंमत आहे. सर्व क्लाउनफिश आधी नर म्हणून वयात येतात. घोळक्यातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो आणि बाकीचे नुसते सदस्य. मादी मेली तर तिचा नर हळूहळू मादी होतो आणि खालच्या सदस्यांपैकी एक बढती मिळून नर होतो. हा सारा खेळ संप्रेरकांचा आहे. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की इस्ट्रोजेन दिले तर या माशाच्या जननग्रंथीतला मादीचा भाग वाढतो.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. जमलेली जोडी हीच खरी भांडवली वस्तू. एक मोठा आणि एक लहान मासा एकत्र ठेवून जोडी जमायला कित्येक महिने लागतात. संप्रेरकाच्या खाद्याने हा काळ कमी करता येईल का, हा संशोधकांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

पण जमलेल्या जोडीला अंडी घालण्यासाठी सहसा कोणत्याही औषधाची गरज नसते. पाणी २६ ते २८ अंश उष्णतेचे, क्षार हजारी ३३ ते ३५ भाग, दिवसाला बारा-चौदा तास उजेड, शेजारी एखादी कौल किंवा मातीची कुंडी आणि पोटभर सकस खाणे, एवढे मिळाले की जोडी आपणहून अंडी घालते. मादी कुंडीवर नारिंगी अंडी चिकटवते. नर पंखांनी वारा घालत त्यांची राखण करतो. सहा ते आठ दिवसांत अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागतात आणि अंधार पडल्यावर पिल्ले बाहेर येतात.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. संप्रेरक ही फक्त ऑर्डरची चिठ्ठी आहे, माल नव्हे. कारखान्यात सूतच नसेल तर ऑर्डर आली म्हणून कापड निघत नाही. मादीच्या शरीरात बलक तयार करायला चरबी, प्रथिने आणि जीवनसत्त्वे नसतील, तर संप्रेरकाने अंडी बाहेर पडतील खरी, पण ती पोकळ निघतील. पिल्ले निघाली तरी दोन दिवसांत मरतील.

समुद्री माशाला डीएचए, ईपीए अशी विशेष स्निग्धाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात. ती कालव, शिंपल्या, माकूळ, कोळंबी आणि माशांची गाबोळी यांत भरपूर असतात. आपल्या कोकणातल्या बंधूंना ही नावे नवीन नाहीत. शिंपल्याचे मांस, माकूळ आणि कोळंबी बारीक चिरून, दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे आणि उरलेले लगेच काढून टाकावे, हे जोडीचे उत्तम खाद्य. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 'कडलमिन वर्णा' या नावाने शोभिवंत माशांचे तयार खाद्यही काढले आहे. याच संस्थेच्या केरळातील विळिंजम आणि तामिळनाडूतील मंडपम केंद्रांत क्लाउनफिश व डॅमसेल यांच्या पैदाशीचे काम झाले आहे.

माशाचा नारिंगी-लाल रंगही अन्नातूनच येतो. अस्टाझँथिनसारखी रंगद्रव्ये मासा स्वतः बनवू शकत नाही. ती त्याला कोळंबी, शेवाळ यांतून मिळतात. कापडाला पक्का रंग चढवायचा तर आधी धुलाई आणि तुरटी नीट व्हावी लागते, नुसता महाग रंग ओतून भागत नाही. तसेच हे.

अंडी पुष्कळ, पिल्ले किती?

दुसरी बाजू अंडी फुटल्यानंतरची. समुद्री माशाचे पिल्लू इतके बारीक असते, की त्याच्या तोंडात साधे खाद्य जात नाही. त्याला पहिले काही दिवस रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत जीव द्यावे लागतात, नंतर आर्टेमियाची पिल्ले. रोटिफर वाढवायला हिरवे शेवाळ लागते. म्हणजे माशाच्या धंद्याआधी शेवाळाची शेती आली.

हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटचे उदाहरण घ्या. पिवळ्या टँगची अंडी त्यांना टाकीत मिळत होती. पण पिल्ले जगत नव्हती. वर्षानुवर्षे प्रयत्न केल्यावर, पिल्लांसाठी योग्य आकाराचे जिवंत खाद्य साधल्यावर, २०१५ मध्ये त्यांना यश आले. निळ्या टँगबाबत फ्लोरिडात २०१६ मध्ये तसेच झाले. दोन्ही ठिकाणी कुलूप अंड्यांपाशी नव्हते, पिल्लांच्या तोंडापाशी होते.

आता व्यापाऱ्याच्या भाषेत हिशेब मांडू. समजा, एक जोडी एका वेळी ४०० अंडी घालते आणि शंभरात १० पिल्ले विक्रीपर्यंत जगतात. हाती आली ४० पिल्ले. संप्रेरकाच्या खाद्याने अंडी ५०० झाली असे धरले, तर पिल्ले ५०. उलट अंडी ४०० च राहू दिली आणि पिल्लांच्या खाद्याची व स्वच्छतेची काळजी घेऊन शंभरात २० जगवली, तर पिल्ले ८०. औषधाचा खर्च शून्य. आपला पैसा आणि कष्ट कुठे घालायचे, हे या तीन ओळींतच कळते.

रंगाचा धोका

याच संप्रेरकांचा एक वाईट उपयोग बाजारात होतो. गोड्या पाण्यातल्या सिक्लिड, गप्पी, गुरामी अशा जातींत नर रंगीत आणि मादी व पिल्ले फिकी असतात. काही पैदासदार पिल्लांच्या खाद्यात किंवा पाण्यात टेस्टोस्टेरॉन घालतात. मग कोवळी पिल्लेच काय, मादीसुद्धा नरासारखी झगझगीत दिसू लागते. माल झटपट विकला जातो. औषध बंद झाले की एक-दोन महिन्यांत रंग उतरतो. असे मासे पुष्कळदा वांझ निघतात.

मी स्वतः दुकानातल्या टाकीसाठी असे सहा मासे घेतले होते. दिवाळीच्या सुमारास टाकीपाशी मुलांची गर्दी असे. संक्रांतीपर्यंत सहाही मासे राखाडी झाले. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, "शेठ, तुमचे पाणी खराब आहे." पाणी खराब नव्हते. पहिल्या धुण्यात रंग सोडणारे कापड पक्क्या रंगाचे म्हणून विकावे, तसा तो प्रकार होता. मालाचा ऐब लपवून विकलेला नफा टिकत नाही, हे कापडात खरे आहे आणि माशांतही खरे आहे. शिवाय पैदाशीसाठी जोडी म्हणून असा मासा ज्या गरिबाने घेतला, त्याचे वर्ष वाया जाते.

घेताना एवढे पाहावे : अगदी लहान माशावर पूर्ण वाढलेल्या नराचा रंग असेल, घोळक्यात एकही फिका मासा नसेल आणि विकणारा पैदाशीची टाकी किंवा आई-बाप दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तो माल सोडून द्यावा.

हाताळणाऱ्याचाही विचार करा

ही द्रव्ये माशाला जशी लागू पडतात, तशी माणसालाही. आपल्याकडे जोडधंद्याचे काम बहुधा घरातल्या बाया आणि मुले करतात. टेस्टोस्टेरॉनसारखी पूड श्वासातून किंवा कातडीतून शरीरात जाऊ शकते आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तिचा धोका असतो. प्रयोगशाळेत हातमोजे आणि तोंडावर मास्क लावूनच ती हाताळतात. आपल्या माजघरात कोण लावणार? टाकीचे पाणी गटारात, तिथून खाडीत गेले, तर तिथल्या माशांवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून ज्या पाकिटावर द्रव्याचे नाव, मात्रा आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापलेला नाही, ते घरात आणूच नये.

मग सुरुवात कुठून करावी?

याचा अर्थ हा धंदा करू नये, असा नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने समुद्री शोभिवंत कोळंबीच्या जाती टाकीत वाढवण्याचे केंद्र काढले आणि तिथल्या महिलांना शिकवून त्यांचे गट उभे केले. केंद्रात तयार झालेली पिल्ले या महिला घराजवळच्या टाक्यांत वाढवतात. अवघड काम संस्थेचे, वाढवण्याचे काम घराचे, अशी वाटणी झाली. आपल्या राज्यात कांदळवन प्रतिष्ठानाने याच ब्युरोच्या मदतीने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभारली. मुंबई, ठाणे, भिवंडीच्या बांधवांना ते अंतर काही फार नाही.

नवख्याने हाच क्रम धरावा. आधी हॅचरीतून पिल्ले घेऊन ती वाढवायला शिकावे. पाणी सांभाळणे, क्षार मोजणे, वीज गेली तर हवेच्या पंपाची पर्यायी सोय करणे, यातच पहिले वर्ष जाईल. दुसऱ्या वर्षी एक-दोन जोड्या जमवाव्यात आणि त्यांना चांगले खाऊ घालावे. त्याच वेळी शेवाळ व रोटिफर वाढवायला शिकावे. एवढे साधल्यावरही एखादी जात अंडी देत नसेल, तेव्हाच संप्रेरकाचा प्रश्न येतो. तोही मत्स्य संस्थेच्या जाणकाराला विचारून सोडवावा, दलालाला विचारून नव्हे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या युनिटला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. सध्या अर्ज घेतात का आणि अटी काय, हे जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. आणखी एक खबरदारी : समुद्री घोडा आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांची खरेदी-विक्री करणारा कितीही गोड बोलला, तरी त्या वाटेला जाऊ नये.

विणकराला माहीत असते, की ताणा नीट लागला नाही तर बाणा कितीही भारी घातला तरी कापड सरळ येत नाही. माशांच्या पैदाशीत पाणी, खाणे आणि सब्र हा ताणा आहे. संप्रेरक लागलेच तर ते नंतर. ज्याला आधी पाकीट घेऊन मग टाकी मांडायची आहे, त्याने आपले भांडवल सध्या गल्ल्यातच ठेवावे.